फळ्यावर न लिहिलेलं नाव

कोल्डब्रुकच्या बेसबॉल मैदानावर व्हेरा हुडाकचा शब्द शेवटचा होता. फलंदाज बेसवर पोचला तो स्वतःच्या फटक्याने की क्षेत्ररक्षकाच्या चुकीने, हे ठरवून वहीत लिहायचं काम ती सतराव्या वर्षापासून करत होती. आता ती एकोणऐंशीची होती. मधल्या काळात कोळशाची खाण बंद पडली, शाळा बंद पडली. संघ उरला, आणि त्याचा घरचा एकही सामना तिने बुडवला नाही.

फक्त चेंडू सरपटत शॉर्टस्टॉपकडे गेला की तिची पेन्सिल थांबायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या त्या जागेकडे न बघता ती मधल्या उंचवट्याकडे बघायची. तिथे गोलंदाजाच्या जागी क्षणभर तिचा भाऊ एमिल उभा असायचा. तो हळूच वळून, जिथे बसून ती वही लिहायची त्या वरच्या खोलीकडे बघायचा आणि वाट बघत राहायचा.

एकसष्ट साली तो असाच वळला होता. शेवटचा डाव, दोन गडी बाद, आणि तोवर समोरच्या संघाला स्वतःच्या फटक्याने बेस गाठून देणारी एकही हिट मिळाली नव्हती. असा सामना टाकणाऱ्याचं नाव फाटकाजवळच्या फळ्यावर रंगवतात. चेंडू सरळ शॉर्टस्टॉप व्हिटो युरकोनिसकडे गेला आणि त्याच्या पायांमधून निसटला. व्हिटोने खाली वाकून मातीत लाथ मारली. खड्याला लागून चेंडू उडाला की खेळाडू तसंच करतात. खडा असेल तर हिट, व्हिटोचा हलगर्जीपणा असेल तर चूक, आणि चूक असेल तर एमिलचं नाव फळ्यावर. पंचेचाळीस पावलांवरून व्हेराला खडा दिसणं शक्य नव्हतं. पण बहीण भावाला झुकतं माप देते का, हे सगळं गाव बघत होतं. तिने 'हिट' लिहिलं.

"तुला दिसलं ते लिहिलंस," घरी एमिल एवढंच म्हणाला. नोव्हेंबरमध्ये खाणीचं छत कोसळलं तेव्हा एमिल आत होता. प्रेत वर आलं नाही, त्यामुळे कबरही नाही.

या शनिवारी सकाळी डार्लीन प्राइस फळा नव्याने रंगवत होती.

"मिस हुडाक, खाली एक ओळ उरतेय. कुणी राहिलंय का?" तिने शिडीवरून गमतीत विचारलं.

व्हेरा फाटकापासून मैदानाकडे वळली. तिसऱ्या बेसच्या बाजूला व्हिटो नेहमीच्या बाकावर बसून चर्चच्या बायकांनी विकलेल्या पेरोगी, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, खात होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आज खाली कशी उतरलीस गं? खोलीत उंदीर निघाला?"

"व्हिटो, त्या दिवशी..."

"खडा होता," तो ताबडतोब म्हणाला. कुठला दिवस, हेही त्याने विचारलं नाही. पेरोगीची पिशवी बाजूला ठेवून त्याने खिशातून एक खडा काढला. "हा. तेव्हाच उचलला होता. घे, बघ."

व्हेराने तो हातात घेतला. राखाडी, गोल, गुळगुळीत होता. हे मैदान खाणीच्या ढिगाऱ्यातली जळकी लाल खडी पसरून केलेलं होतं. ती कुठलीही उचलली तरी बोटाला टोचते. या खड्याला एकही कड नव्हती.

"हा नदीतला आहे."

व्हिटो रुमालाने बोटं पुसत राहिला, पुसून झाल्यावरही.

"खाणीत अडकलेल्यांचा शोध थांबवला ना, त्या दिवशी मी नदीवर गेलो," तो म्हणाला. "मला एक खडा हवा होता, व्हेरा. इथे किती शोधला, मिळालाच नाही. कारण नव्हताच. मी मान लवकर वर केली, पहिल्या बेसकडे बघायला. बस."

"बासष्ट वर्षं बोलला नाहीस."

"तू तरी कुठे विचारलंस?"

"तो माझ्याकडे बघतो," ती म्हणाली. "अजूनही. प्रत्येक वेळी."

"तुझ्याकडे?" व्हिटोने तिच्याकडे बघितलं. "मला पाठ दिसते. त्या दिवशी तो माझ्याकडे वळलाच नाही. एक शिवी घातली असती तरी चाललं असतं. मी इथे येऊन बसतो, चेंडू तिकडे गेला की त्याची पाठ बघतो आणि घरी जातो."

व्हेराने वर जाऊन एकसष्टची वही काढली. जुनी खूण खोडताना कागद फाटला. तिने शेजारी 'चूक, शॉर्टस्टॉप' लिहिलं आणि सही केली. मग फाटकापाशी जाऊन डार्लीनला एमिलचं नाव सांगितलं.

"पण सगळे विचारतील, एवढ्या वर्षांनी कसं काय म्हणून."

"माझं नाव सांग," मागून काठी टेकत आलेला व्हिटो म्हणाला. "पत्ता पण दे. म्हातारे भांडायला येतील, तेवढीच सोबत."

रंग ओला असतानाच सामना सुरू झाला. व्हेराने व्हिटोला पहिल्यांदाच वर खोलीत नेलं आणि आपल्या शेजारी बसवलं. दुसऱ्या डावात चेंडू सरपटत शॉर्टस्टॉपकडे गेला. त्या पोराने तो नीट उचलून फेकला, गडी बाद झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हेराची पेन्सिल थांबली. तिने उंचवट्याकडे बघितलं नाही, व्हिटोकडे बघितलं.

व्हिटो सरळ समोर, उंचवट्याकडे बघत होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.