वेलीची चूल

मित्रांनो, माझ्या मांडवाखाली तीन लग्नांच्या पंगती उठल्या आहेत, त्यावरून माझ्या वयाचा अंदाज बांधा. मी बल्गेरियातल्या एका खेड्यातली द्राक्षाची वेल. मिंचोने आपल्या लग्नाच्या वर्षी मला अंगणात लावले आणि त्याची बायको इस्क्रा हिने मला वाढवले.

तिचे दिवस आठवले की अजून जीव हळवा होतो. पानात भात गुंडाळून शिजवायला ती वसंतात माझी कोवळी पाने खुडायची, पण एका फुटव्याची दोनच.

"पानांची कसली गं एवढी कंजुषी?" मिंचो हसायचा.

"पान म्हणजे तिची चूल. चूलच मोडली तर बिचारी रांधेल कशावर?"

खरेच होते ते. माझी मुळे पाणी वर धाडतात. पानांच्या पाठीवर बारीक छिद्रे असतात, त्यांतून हवेतला कर्बवायू आत येतो. पानातले हरितद्रव्य ऊन धरते आणि त्या उन्हाच्या बळावर पाणी व वायू यांची साखर होते. प्राणवायू उरतो, तो बाहेर सोडते. तुमचा श्वास त्यावरच चालतो. साखर मात्र देठातून घडात उतरते. सूर्य मावळला की चूल बंद. मण्यात गोडी येते ती अशी, रोज थोडी थोडी.

मग एका उन्हाळ्यात इस्क्राने अंथरूण धरले. खिडकीशी पडून ती माझ्याकडे बघायची. "यंदाची द्राक्षं तेवढी खायला मिळू देत," एवढेच तिचे मागणे होते. घड तर अजून हिरवे, कडक. मिंचोचा धीर सुटला. एका दुपारी त्याने शिडी लावली आणि घडांवर सावली धरणारी पाने, जवळजवळ सगळीच, सपासप कापून काढली. मला ओरडता आले असते तर!

इस्क्राला जाग आली तेव्हा अंगणात पानांचा खच पडला होता.

"अहो, हे काय केलंत?"

"घडांना ऊन लागू दे म्हटलं. लवकर पिकतील. तुझ्यासाठीच गं."

"मणी कुठे ऊन खातात? पानं खातात! पन्नास वर्षं हिची दारू ढोसलीत, एवढंही कळलं नाही?"

मिंचो शिडीच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

मी जिवाचे रान केले, मित्रांनो. पण मूठभर पाने किती घडांना पुरणार? शरदात मिंचोने त्यातल्या त्यात बरा घड तिच्या हाती दिला. पहिल्याच मण्याला तिने तोंड वाकडे करून डोळे घट्ट मिटले.

"आंबट ढाण!" ती म्हणाली, आणि हसली. "असू दे. इतकी वर्षं तुम्हाला गोड मानून घेतलं, हिलाही घेते."

तिने सगळा घड संपवला. पहिला बर्फ पडायच्या आत ती गेली.

पुढच्या वर्षी मी पानांनी गच्च भरले. घड इतके गोड झाले की मधमाश्या हलेनात. मिंचोने एकही मणी तोंडात घातला नाही.

म्हणून सांगते, आमच्या पानांना हात लावण्याआधी थोडे थांबा. आम्हाला पाणी लागते, ऊन लागते, आणि वेळही लागतो. घाई केली तर जिच्यासाठी केली तिलाच आंबट खावे लागते.