बुधवारची फिरती खुर्ची

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे, गोल फिरणारी. म्हातारपणी फिरताना जरा कुरकुरते, तेवढं चालवून घ्या.

लोखंड वाकवून, वर लाल रेक्झिन ताणून मला घडवलं आणि एका लहानशा सलूनमध्ये आणून बसवलं. एकतीस वर्षं मी तिथे होते. माझे मालक कात्री चालवायचे आणि गिऱ्हाईक तोंड. कुणाची नोकरी गेलेली, कुणाचा भाऊ बोलेनासा झालेला. मालक नुसतं "हं" म्हणायचे, मान सरळ करायचे, पुन्हा "हं". माणसं हलकी होऊन उठायची. सगळे माझ्या गादीचं कौतुक करायचे, पण खरं कौतुक कुणाचं ते मला ठाऊक होतं.

मग मालकीणबाई गेल्या. मालकांचे हात थरथरू लागले. एकदा कात्री एकाच्या कानाला लागली आणि त्याच आठवड्यात त्यांनी दुकान बंद केलं. आरसे विकले. मला मात्र वाचनालयामागच्या एका खोलीला देऊन टाकलं.

त्या खोलीचं दार दर बुधवारी दुपारी मोठ्या माणसांसाठी उघडं असतं. मन जड झालंय ना, मग यावं आणि बोलावं. नाव सांगायचं नाही, वेळ घ्यायची नाही, फी नाही. ऐकायला एक समुपदेशक ताई असतात. माझ्यावर बसलेली माणसं बहुधा हळूच भिंतीकडे फिरतात. पाठमोरं बोलायला सोपं जातं. ताई कुणालाही वळवत नाहीत.

माझा जीव मात्र मालकांपाशी अडकलेला.

तिसऱ्या बुधवारी ते आले. हातात तेलाची कुपी. खुर्ची कुरकुरते का ते बघायला आलो, म्हणाले. तेल घातलं आणि गेले. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. असे सात बुधवार! इतकं तेल शिवणयंत्रालाही लागत नाही. दरवेळी ते माझ्या पाठीवर हात ठेवून क्षणभर थांबत. मला वाटे, आता बसतील. ते दाराकडे वळत. शर्ट अंगावर लोंबत होता, केस कानांवर आले होते. जन्मभर दुसऱ्यांचे केस कापलेला माणूस!

त्यांच्या आठव्या फेरीला ताई सहज म्हणाल्या, "काका, जरा बसून बघा ना. वजन पडलं की कुरकुरते ती."

मालक बसले. भिंतीकडे फिरले.

"माझे केस तीच कापायची," ते म्हणाले. "आता दुसऱ्या कुणाला हात लावू देववत नाही."

"हं," ताई म्हणाल्या.

त्या दिवशी तेलाची कुपी उघडलीच नाही.

त्यानंतर ते बरेच बुधवार आले आणि बोलले. एकदा तर केस कापून आले. कापणाऱ्याने कल्ले वाकडे ठेवलेत म्हणून अर्धा तास कुरकुरले. ताई हसल्या, तेही हसले.

आता ते क्वचितच येतात. गेला महिनाभर आलेच नाहीत. चांगलं चाललंय त्यांचं, असं ताई म्हणतात. मला कळतं हो. ज्यांनी यावं म्हणून मी झुरले, त्यांना यायची गरज पडू नये हेच बरं. तरी बुधवारी दार वाजलं की लोखंडाचाही जीव वरखाली होतो.

मित्रांनो, तुमच्या घरातलं मोठं माणूस काहीबाही निमित्त काढून तुमच्याभोवती घुटमळलं, तर "काय काम आहे?" असं विचारू नका. थोडं सरकून जागा करा. आणि अशी एखादी खोली जवळपास असेल, तर दारापर्यंत सोबत जा. आत ते आपल्या पायांनी जातील.