वांगणीच्या गाडीतला जाड पाटा

मित्रांनो, गाडीखाली वाकून बघायची वेळ तुमच्यावर सहसा येत नाही, म्हणून माझी ओळख मीच करून देतो. मी एक जुना पाटा आहे. पोलादाची लांब, जाड, कमानीसारखी वाकवलेली पट्टी. गाडीच्या मागच्या चाकांवर दोन्ही बाजूंना असे चार-पाच पाटे एकावर एक बांधलेले असतात. रस्त्याचा दणका आम्ही वाकून सोसायचा आणि वरच्या माणसाला लागू द्यायचा नाही, एवढंच आमचं काम.

माझं तारुण्य खडीच्या ट्रकखाली गेलं. मोडेन पण वाकणार नाही, असा माझा बाणा होता आणि त्याचा मला फार गर्व होता. ट्रक भंगारात गेला. मग मी आणि माझा जोडीदार मोखाड्यात कमलेश मिस्त्रीच्या गॅरेजमागे दोन पावसाळे गंज खात पडलो.

तिथे एक दिवस वांगणीचा विनोद आला. तो वांगणी ते मोखाडा व्हॅन चालवतो. गावाजवळच्या ओढ्यात असे दगड आहेत, की गाडीचं पोट टेकायचं आणि गाडी तिथेच अडायची. आदल्या पावसाळ्यात एका आजारी म्हातारीला तिथून झोळीत घालून न्यावं लागलं होतं. आता विनोदची धाकटी बहीण रविना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून त्याला गाडी उंच करून हवी होती.

कमलेशने त्याच्यापुढे लोखंडी ठोकळे ठेवले, पातळ पाट्यांचा नवा संच ठेवला आणि मागून आम्हा दोघांनाही ओढत आणलं.

"ठोकळ्यानं गाडी उचलंल, पण भरली का परत खाली बसंल. पातळ पाटे मऊ चालतील, पण जादा भारानं दबतील. तू माणसं किती घेतोस?"

"सोळा-सतरा. बाजाराच्या दिवशी मोजत नाय."

"मग जाड पाटाच लागंल. पण ध्यानात ठेव, रिकामी पळवू नको. वर वजन नसलं तर हा वाकत नाय, लय आदळंल."

विनोद हसला. "आमची गाडी रिकामी कवा बघितलीस?"

खरंच, कोणीच बघितली नव्हती. माणसं, तांदळाच्या गोणी, कोंबड्या, मागच्या शिडीवर लोंबकळणारे दोघं-तिघं. एवढ्या भाराखाली मी बेताने वाकायचो आणि गाडी ओढ्यातून अलगद पार व्हायची. "विनोदची गाडी हत्तीसारखी झाली," असं लोक म्हणायचे आणि मी खाली फुशारून जायचो.

आषाढातल्या एका बाजाराच्या सकाळी गाडी भरून उभी होती. तेवढ्यात धोंडीबाई रविनाला धरून घेऊन आली. विनोदची आईच ती. रविनाला कळा लागल्या होत्या. सगळ्यात आधी गावातला सावळा नावाचा म्हातारा खाली उतरला.

"उतरा रं सगळी! पोरीला मोकळं बसू द्या."

सगळे उतरले. बाजार बुडणार होता, तरी उतरले. गोणीसुद्धा काढल्या. इतक्या मायेने रिकामी केलेली गाडी मी दुसरी पाहिली नाही.

ओढा पार झाला. एकही दगड लागला नाही. "पार झाली!" विनोद ओरडला. पुढे उखडलेला रस्ता लागला आणि मी वाकलो नाही. तीन माणसांचं वजन मला कळतही नव्हतं. प्रत्येक खड्डा जसाच्या तसा रविनाच्या अंगात गेला.

"दादा, हळू."

त्याने गाडी हळू केली. धोंडीबाईने तिला कवेत घट्ट धरलं.

"दादा, थांब ना."

तो थांबला, तेव्हा सीटवर रक्त होतं. तिथून दवाखाना आठ किलोमीटर लांब होता.

रविना वाचली. मुलगा मेलेलाच जन्मला. दणक्यांनी झालं की आधीच काही बिघडलं होतं, हे कोणी नक्की सांगितलं नाही. मला मात्र माझा वाटा माहीत आहे.

विनोदने गाडी कमलेशपुढे उभी केली. "काढ तो पाटा."

कमलेशने पाना उचलला. "काढतो. मग ओढ्याचं काय?"

 विनोद गाडीत बसला आणि निघून गेला. मी अजून त्याच गाडीखाली आहे.

मित्रांनो, आम्हाला निवडताना रोजचा भार जरूर मोजा. पण ज्या एका माणसासाठी गाडी उंच करता, त्याला आधी एकट्याला तीत बसवून रस्त्यावरून नेऊन बघा. आणि जमलं तर रस्ताच नीट करा हो. मग माझ्यासारख्याची गरजच पडणार नाही.

परवा सावळ्याची सून जयवंती बाळंतपणात अडली. गाडीतली माणसं सवयीने उतरू लागली.

"बसा!" विनोद ओरडला. "कोणी उतरू नका. बसा सगळी."

माणसं अवघडून बसली, तिच्यासाठी मधली सीट तेवढी सोडून. एक जागा उरली होती. रविना घराच्या दारातून चालत आली आणि त्या जागेवर बसली.

"मीबी येते, दादा," ती म्हणाली. "तेवढंच वजन."

गाडी निघाली आणि मी वाकलो.