सहपत्र क्रमांक तीन

विषय : आंतरराष्ट्रीय नेटबॉल स्पर्धेसाठी एकवीस दिवसांची विशेष रजा मिळण्याबाबत.
संदर्भ : अर्जदार बाईंचा अर्ज, सोबत सहपत्रे तीन.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करतो की, त्या तीन सहपत्रांपैकी तिसरे मी. पहिली दोन कागदाची आहेत. मी कापडाचा. रंग निळा, आकार वीतभर लांब-रुंद, अंगावर ‘सी’ हे एकच इंग्रजी अक्षर. मी एक बिब बोलतोय. बरेच दिवस फाइलीत राहिल्यामुळे माझी भाषा थोडी कचेरीची झाली आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

माझा जन्म गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात, सात अक्षरांच्या कुटुंबात झाला. नेटबॉलमध्ये सात खेळाडू असतात आणि प्रत्येकीच्या छातीवर नि पाठीवर तिचं अक्षर चिकटवलेलं असतं. कुणी कुठवर जायचं हे त्या अक्षरावर ठरतं. सी म्हणजे सेंटर. तिला मैदानभर पळायची मुभा, फक्त दोन्ही टोकांच्या अर्धवर्तुळात पाऊल टाकायचं नाही, आणि गोल तर तिथूनच करायचे असतात. म्हणजे धावपळ सगळी हिची आणि टाळ्या दुसरीला. कोणत्याही घरातल्या थोरल्या सुनेला हे पद समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही जुळे भाऊ. तो छातीवर, मी पाठीवर. समोरून होणारं कौतुक त्याच्या वाट्याला आलं आणि पाठीमागे बोललेलं सगळं माझ्या. त्यामुळे माणसांविषयी माझी माहिती त्याच्यापेक्षा जास्त आहे.

बाई माझ्या आयुष्यात आल्या त्या अपघाताने. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या, एका कचेरीच्या अभिलेख कक्षात लिपिक, लग्नाला सहा महिने झालेले आणि संघात राखीव. परदेशातला पहिलाच सामना. दुसऱ्या डावात आमच्या सेंटरचा घोटा मुरगळला. प्रशिक्षकांनी मला तिच्या पाठीवरून चर्रकन सोलून काढलं आणि बाईंच्या पाठीवर थापलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “ही कोण आता? कचेरीतली ना? चेंडू आधी आवक-जावकला नोंदवेल.” मी ऐकलं, पण सांगणार कसं? तो सामना आम्ही एकोणीस गोलांनी हरलो. तो माझा दोष नव्हता, हे इथे नोंदवून ठेवतो.

त्या आनंदात (पहिल्या सामन्यात हरल्याचाही आनंद होतो, हे मला तेव्हा कळलं) बाईंनी घरी फोन करून सांगितलं, “मला माझी बिब मिळाली, येताना घेऊन येते.” फोन सासूबाईंनी घेतला होता. बिब म्हणजे काय, हे त्यांनी सासरेबुवांना विचारलं. सासरेबुवा शब्दकोश पाहिल्याशिवाय उत्तर देत नसत. त्यांनी चष्मा लावून पान काढलं आणि वाचलं : बिब, लाळेरं.

आठवड्याने आम्ही घरी पोचलो, तेव्हा मागची खोली रिकामी करून झाली होती, मावशीबाई लोकर घेऊन आल्या होत्या आणि नणंदेने नावांची यादी केली होती. बाईंनी पिशवीतून आम्हा दोघांना काढलं. सासूबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं.

“एवढं मोठं लाळेरं? बाळ होणार आहे की पैलवान?”

खुलासा झाल्यावर मावशीबाई लोकर घेऊन परत गेल्या. सासूबाई मात्र चिकटल्या. असलं काय मैदान आहे ते बघूच, म्हणून एकदा आल्या आणि मग येतच राहिल्या. त्यांना एक नियम फार आवडला. चेंडू हातात आला की तीन सेकंदांत दुसरीकडे द्यायचा, नाहीतर पंच शिट्टी वाजवतो. घरात कुणी वर्तमानपत्र अडवून बसलं की त्या आता मोठ्याने तीनपर्यंत मोजतात.

पुढची सात वर्षं आम्ही एकत्र काढली. पहाटे सराव, दहाला कचेरी, सहाला पुन्हा सराव. एकोणसाठ सामने झाले. दर धुण्यात माझा रंग थोडा उडाला आणि बाईंचा खेळ थोडा उजळला. “ही कोण आता?” जाऊन “हिला अडवा” सुरू झालं. पाठीमागे ऐकलेल्या वाक्यांत मला सर्वांत आवडलेलं हेच.

मग गणवेश बदलला. नव्या बिबा आल्या, चकचकीत, घाम न टिपणाऱ्या. प्रशिक्षकांनी जुनी जोडी बाईंना देऊन टाकली. भावाला सासूबाईंनी काचेच्या चौकटीत घालून बैठकीत टांगलं. चौकटीला दर्शनी बाजू एकच असल्यामुळे मी कपाटात गेलो. माझी तक्रार नव्हती. सेवानिवृत्ती अशीच असते म्हणतात.

यंदा बाई छत्तीस वर्षांच्या झाल्या. संघाच्या कर्णधार, आणि समोर शेवटची स्पर्धा. हे त्यांनीच जाहीर केलं होतं, गुडघ्याच्या डॉक्टरांनी दुजोरा दिला होता. त्यांनी विशेष रजेचा अर्ज केला. एरवी वर्षानुवर्षं इतरांच्या कागदांतल्या चुका काढणाऱ्या या बाईंनी स्वतःच्या अर्जात एक चूक केली. नमुन्यावर ‘खेळाडूची माहिती’ असा मथळा होता आणि खाली रकाना होता ‘पद’. तिथे ‘लिपिक’ लिहायचं. बाईंनी लिहिलं : सेंटर.

आवक शाखेने हे वाचून शेरा मारला की, पद सेंटरचे, म्हणजे केंद्रीय कार्यालयाचे दिसते, सबब प्रकरण तिकडे पाठवावे. पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की, ‘सेंटर’ या नावाचे पद या आस्थापनेवर मंजूर नाही; नवीन पदनिर्मितीचा प्रस्ताव असल्यास स्वतंत्रपणे सादर करावा.

बाईंनी दुसरा अर्ज करते म्हटलं. हेडक्लार्क म्हणाले, पहिला निकाली निघाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही.

“पुरावा जोडा बाई. हे पद खेळातलं आहे याचा. कागद असेल तर उत्तम.”

“कापड चालेल?”

हेडक्लार्कनी थोडा विचार केला. “पंच करता आलं पाहिजे.”

अशा रीतीने मी कपाटातून निघालो आणि माझ्या एका कोपऱ्याला दोन भोकं पडली. एकोणसाठ सामन्यांत जे कुणाला जमलं नाही ते एका पंचिंग मशिनने केलं.

पुराव्यासह फाइल पुन्हा केंद्रीय कार्यालयात गेली. तिथे ती ज्या गृहस्थांच्या टेबलावर आली, त्यांना सगळे ‘तूर्तास’ म्हणतात. कारण त्यांचं प्रत्येक वाक्य त्या शब्दाने सुरू होतं. माणूस वाईट नाही. दुपारी फाइल उघडून माझ्यावरून अंगठा फिरवतात, कापड चांगलं आहे असं शेजारच्याला सांगतात आणि फाइल मिटतात.

संघ निघायच्या आदल्या दिवशी बाई स्वतः आल्या. सोबत सासूबाई. मंजुरीविना गेल्या तर विनापरवानगी गैरहजेरी, म्हणजे बारा वर्षांच्या सेवेत खंड, म्हणजे पुढच्या महिन्यात ठरलेली बढती गेली. न गेल्या तर शेवटची स्पर्धा गेली. दोन्ही गोष्टी बाईंनी शांतपणे सांगितल्या. मी फाइलीतून ऐकत होतो.

“तूर्तास प्रकरण विचाराधीन आहे,” तूर्तास म्हणाले. खरं तर त्यांनाही वाईट वाटत होतं. नाहीतर त्यांनी खुर्ची दिली नसती.

सासूबाई खुर्चीत बसल्या नाहीत. “अहो, हिला तीन सेकंद मिळतात. तुम्हाला दोन महिने दिले.” मग सुनेकडे वळून म्हणाल्या, “चल गं. इथे उभं राहून पाय आखडतील तुझे.”

बाईंनी मला परत मागितलं. निकालापर्यंत सहपत्र परत देता येत नाही, असं उत्तर मिळालं. त्यांनी हात लांबवून माझी दुमडलेली कड सरळ केली. “बरं,” त्या म्हणाल्या, “अर्ज राहू दे. मी जाते.” आणि गेल्या.

पुढच्या एकवीस दिवसांत तूर्तास रोज वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचू लागले. संघ आठात सहावा आला. हे आमच्या देशाचं आजवरचं सर्वोत्तम स्थान, असं त्यांनी कक्षाला वाचून दाखवलं. बाई शेवटच्या सामन्याचे चारही डाव खेळल्या आणि एका गोलाने जिंकल्या. छायाचित्र पाठीमागून घेतलेलं होतं. त्या पाठीवर एक नवा, चकचकीत सी होता. मी मत्सर करणार नाही असं ठरवलं होतं. ते दहा-बारा मिनिटं टिकलं.

तूर्तासांनी ते कात्रण कापलं, डिंक लावून कागदावर चिकटवलं आणि कुणी सांगितलेलं नसताना सहपत्र चार म्हणून माझ्या शेजारी लावलं. खाली सुवाच्य अक्षरात टिपणी लिहिली : “अर्जदार स्पर्धेस गेल्याचे वृत्तपत्रावरून दिसते. तथापि रजा मंजूर नसल्याने त्या गेल्या किंवा कसे, याबाबत अहवाल मागवावा. पूर्वलक्षी मंजुरीचा विचार व्हावा, अशी शिफारस आहे.” शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं.

बाई कामावर रुजू झाल्या आहेत. बढतीची यादी त्यांचं नाव वगळून लागली, आणि वगळण्याचं कारण म्हणून याच फाइलीचा क्रमांक दिला आहे. शिफारस मान्य झाली तर नाव परत येईल. फाइल सध्या वरच्या मजल्यावर स्वाक्षरीसाठी आहे. स्वाक्षरी करणारे साहेब रजेवर असून त्यांची रजा मंजूर आहे.

अर्ज प्रलंबित आहे.