एका होडीतल्या विहिणी

मुलीचं लग्न ठरलं आणि आईच्या मागे नदी लागली. दोन्ही घरांची नीट ओळख व्हावी म्हणून होणाऱ्या जावयाने रविवारी कयाकची सहल ठरवली. जुना पूल, पडका बुरूज, राजेराण्या, सगळा इतिहास पाण्यातून बघायचा, सोबत गाइड. आईने पॅथॉलॉजी लॅबमध्ये उभा जन्म लोकांचं रक्त काढलं होतं. माणूस ओळखायला तिला एक सुई पुरायची. पण मुलगी म्हणाली, "नाही म्हणू नकोस, त्याचा हिरमोड होईल." एवढ्याशाने हिरमोड होणाऱ्याशी लग्न कशाला करायचं, हा प्रश्न आईने गिळला आणि भिजली तरी चालेल अशी पँट शोधायला लागली.

विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या यजमानांची पाठ त्याच सकाळी नेमकी धरली आणि ते घरी राहिले. शहाणा माणूस.

गाइड म्हणजे उन्हाने नाक सोललेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला तरुण. त्याने काठावर जोड्या लावल्या. मुलगा-मुलगी एका कयाकमध्ये, विहिणी दुसरीत, तो एकटा तिसरीत.

"ज्यांचं वजन जास्त, त्या मॅडम मागे बसा," तो म्हणाला.

दोघी जागच्या हलल्या नाहीत. शेवटी आईच म्हणाली, "मी बसते मागे. कुणीतरी बसायलाच हवं." विहीणबाई पुढच्या जागेवर अशा बसल्या, जणू आता मुलं रांगेने येऊन नमस्कार करणार आहेत.

पुढचीकडे बघून मागचीने वल्हं मारायचं, एवढंच काम होतं. पण विहीणबाई सारख्या मागे वळायच्या.

"एक-दोन, एक-दोन. तुम्ही दोनला एक मारताय."

"मी काहीच मारत नाहीये," आई म्हणाली. "दम खातेय."

कयाक नदीच्या मधोमध गोल फिरायला लागली.

बुरुजापाशी गाइडने सगळ्यांना थांबवलं. राणीने याच बुरुजावरून पाण्यात उडी घेतली, तिचा प्रियकर समोरच्या काठावर तिची वाट बघत होता, असं त्याने रंगवून सांगितलं.

"त्याला पोहता येत नव्हतं का?" विहीणबाईंनी विचारलं.

"तसा काही उल्लेख नाही, मॅडम."

"मग तो तिकडे उभा राहून काय करत होता?"

आईला हसू फुटलं होतं, ते तिने दाबलं. विहिणीच्या विनोदाला सुरुवातीलाच हसलं की ती डोक्यावर बसते, असा तिचा समज होता.

पुलाशी पाण्याला ओढ होती. "उजवी कमान धरा," गाइड पुढून ओरडला. विहीणबाईंनी उजवीकडे वळवली, आईने डावीकडे, आणि कयाक मधल्या खांबावर आडवी जाऊन उलटली. आईला वाटलं, संपलं सगळं. मग पाय टेकले. पाणी जेमतेम कमरेइतकं होतं, खाली नुसता चिखल. शेजारी विहीणबाई वर आल्या, डोक्यावर शेवाळ, आणि त्यांनी एक शिवी हासडली. तसली शिवी आईने लॅबमध्ये शीर न सापडल्यावर फक्त एका ट्रकवाल्याच्या तोंडून ऐकली होती.

आता मात्र आईचा बांध फुटला. ती हसता हसता खांबाच्या चौथऱ्यावर चढली, हात देऊन विहीणबाईंनाही वर ओढलं. त्याही पोट धरून हसत होत्या. गाइड वाहून चाललेल्या कयाकमागे गेला होता.

"शाळेत हा शब्द कुठे शिकलात?"

"पालकसभेत," विहीणबाई म्हणाल्या. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "खरं सांगा, माझा मुलगा कसा वाटतो तुम्हाला?"

"चांगला आहे. फक्त मी कप विसळला तरी चूक काढतो."

"ते माझ्याकडून आलंय. आणि तुमची लेक?"

"फुगली की बोलत नाही. कितीही दिवस. ते माझ्याकडून."

तेवढ्यात मागे राहिलेली पोरांची कयाक पुलाखालून आली. कमानीत आवाज घुमत होता, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू आला.

"मी सांगतो तसं का करत नाहीस?"

"तू सांगणं कधी थांबवशील?"

मुलीने वल्हं मांडीवर ठेवलं आणि तोंड फिरवलं. तो बोलत राहिला, कयाक वाहत राहिली. दोघांपैकी एकालाही चौथऱ्यावर बसलेल्या चिंब आया दिसल्या नाहीत.

"पत्रिका छापायला दिल्यात?" विहीणबाईंनी हळूच विचारलं.

"अजून नाही."

"थांबा मग जरा."

थांबायची वेळच आली नाही. काठावर उतरल्यावर मुलगी सरळ आईपाशी आली. "आपण बसने जाऊ," एवढंच म्हणाली. त्याच आठवड्यात लग्न मोडलं. मुलगी खोलीत रडत बसली आणि आई बाजूला जाऊन बसली.

"लग्न मोडलं, तुला बरं वाटतंय ना?" मुलीने विचारलं.

"हो," आई म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नसतं. "पण तू रडतेस ते बघवत नाही." मग बराच वेळ ती मुलीच्या केसांतून हात फिरवत राहिली. आपण चौथऱ्यावर बसून फिदीफिदी हसत होतो तेव्हा पोरीच्या आत काय चाललं असेल, हे तिला आता टोचत होतं.

काही दिवसांनी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. "आता आपलं नातं काही उरलं नाही, म्हणून मोकळेपणाने विचारते. त्या पुलाच्या पुढची नदी बघायची राहिलीच की. येताय?"

आई तयारी करत असताना मुलगी दारात येऊन उभी राहिली. "आई, ती माझी सासू होणार होती."

"सासू म्हणून मलाही ती नकोच होती गं. मैत्रीण म्हणून बरी आहे."

मुलीने दार आपटलं. मग ते परत किलकिलं झालं.

"माझा चार्जर त्यांच्याकडे राहिलाय. जातेच आहेस, तर मागून आण."