तट्टीवरची सुकेळी

निर्मळच्या बाहेर, केळीच्या बागांना पाठ टेकून उभ्या असलेल्या ‘सायंतारा’ या निवृत्तांच्या निवासात स्वयंपाकघराचा कारभार सरोजिनीबाईंच्या हाती होता. माणिकपूरच्या एका शाळेत मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी उभी हयात घालवली होती. येथेही मिठाचा चमचा आणि तेलाची धार त्यांच्या नजरेखालून गेल्यावाचून पानापर्यंत पोहोचत नसे. हा कठोरपणा हौसेचा नव्हता. यजमानांना मधुमेह असूनही त्यांनी मागितलेले गोडधोड बाई निमूटपणे वाढत राहिल्या होत्या, आणि एके वर्षी वाढण्यासाठी समोर पानच उरले नाही.

म्हणून दोन हजार तीन सालच्या भाद्रपदात जयरामभाऊ राऊतांच्या रक्तात साखर निघाली, तेव्हा भाऊंपेक्षा बाईच अधिक हादरल्या. जयरामभाऊ आगाशीचे बागायतदार. पत्नीच्या पश्चात बाग पुतण्याच्या स्वाधीन करून ते येथे राहावयास आले होते. बाईंशी कशावरून ना कशावरून वाद घातल्याखेरीज त्यांना अन्न पचत नसे; आणि खरे सांगायचे तर बाईंनाही.

दसरा झाला आणि पुतण्याने राजेळी केळ्यांचा भला थोरला लोंगर आणून टाकला. भाऊंनी केळी पिकवली, सोलली, आणि गच्चीवर बांबूच्या तट्टीवर ओळीने मांडली. त्यांना दिवसभर ऊन द्यायचे, उलटायचे, हाताने हलके दाबायचे, सांजेला झाकायचे. मधासारखा रंग चढला की सुकेळी तयार; ती केळीच्या वाळक्या पानात बांधून ठेवायची. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा भरते. त्या दिवशी उपासाला हातची सुकेळी खायची, हा राऊतांच्या घरचा पिढीजात रिवाज होता.

“भाऊ, ती तट्टी उतरवा,” बाई रात्रीच्या पंगतीत म्हणाल्या.

“का? गच्चीला भार होतो?”

“तुम्हाला होतो. अंगात साखर असताना वर साखर वाळवताय.”

“खाणार मी एकच. एकादशीला. बाकीची वाटून टाकणार.”

“एकावर कोण थांबलंय आजवर?”

भाऊंनी ताक संपवून वाटी खाली ठेवली. “ते माझं मी बघेन. एक सांगून ठेवतो, बाई. तट्टी खाली आली, तर माझी ट्रंकही खाली येईल. पुतण्या कधीचा बोलावतोय.”

हे वाक्य बाईंच्या जिव्हारी लागले. भाऊ गेले, तर समोरची खुर्ची रिकामी. भाऊ राहिले आणि खात सुटले, तरी ती रिकामीच. तट्टी हलवता येत नसेल, तर निदान तिच्यावरचा माल हलवता येईल, असा विचार करून त्यांनी दुसऱ्या दिवशी निवासातल्याच क्लेमेंट तुस्कानोंना व्हरांड्यात गाठले.

“क्लेमेंट, वर गेलात की एखादं सुकेळं उचलत जा. भाऊंच्या भल्यासाठी.”

“चोरी करू म्हणता? कन्फेशनला फादरला काय सांगू?”

“पथ्य म्हणून सांगा.”

मग त्यांनी हेच शेजारच्या खोल्यांतल्या विनीताईंच्या कानात सांगितले, जिजाकाकूंच्याही कानात सांगितले, आणि प्रत्येकीकडून गुप्ततेचे वचन घेतले. तट्टी विरळ होऊ लागली. काही दिवसांनी ती पुन्हा भरलेली दिसली, तेव्हा आपली माणसे मागे पडत आहेत असे समजून बाईंनी त्यांना नव्याने हुरूप दिला.

एकादशीच्या आदल्या दिवशी नेहमीचे डॉक्टर तपासणीस आले. बोटे टोचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“काय चाललंय इथे? क्लेमेंटकाका, विनीताई, जिजाकाकू, सगळ्यांची साखर चढलीये. कुठे लग्नाला गेला होतात?” ते भाऊंकडे वळले. “उतरली ती फक्त यांची.”

क्लेमेंट छताकडे पाहू लागले. विनीताईंनी पदर सावरला. सगळ्यांच्या नजरा हळूहळू बाईंवर येऊन स्थिरावल्या.

डॉक्टर गेल्यावर बाई गच्चीवर गेल्या. भाऊ पाठमोरे बसून सुकेळी दाबीत होते.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“रोज उलटतो मी ती. क्लेमेंट तर माझ्यासमोर खातो. विचारलं तर म्हणतो, पथ्य आहे.” भाऊ हसले. “म्हणून दुसरा लोंगर मागवला. गिऱ्हाईक वाढलं, माल नको?”

“मग मला बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तुम्ही सुचवलंत, त्यांनी मनानं खाल्लं. जबरदस्ती कुठे होती? मलाही तेवढंच द्या, बाई. तुम्ही सुचवा. रोज सुचवा, वाद घाला. पण उचलायचं की ठेवायचं, ते माझ्या हातावर सोडा.”

बाई कठड्याला टेकल्या. “एका माणसाला मी कधीच काही सुचवलं नाही, भाऊ.”

“माहीत आहे मला,” भाऊ म्हणाले. “म्हणूनच म्हटलं, सुचवत जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून निर्मळच्या टेकडीकडे माणसांची रीघ लागली होती. पिपाण्यांचा आवाज गच्चीपर्यंत येत होता. भाऊंनी पानाची एक पुडी सोडली. बाई शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्यांनाही उपास होता.

“अर्धंच खावं, असं माझं मत आहे,” त्या म्हणाल्या.

“ऐकलं.”

बाईंच्या जिभेवर आणखी दोन वाक्ये तयार होती. ती त्यांनी गिळली, खुर्ची कठड्याकडे वळवली आणि जत्रेच्या पाळण्याकडे पाहत राहिल्या. एक पाळणा वर येई, क्षणभर थांबे, आणि खाली जाई. पाठीमागे वाळके पान पुन्हा एकदा वाजले. दुसरे सुकेळे सुटत होते, की उरलेले अर्धे बांधले जात होते, हे पाहण्यासाठी बाई वळल्या नाहीत.