निळी टाचणी

चतुर या उडत्या कीटकाची सडपातळ बहीण म्हणजे टाचणी. तिच्या निळ्या जातीला आता गिरणीमागचे एकच तळे उरले होते. शुक्रवारच्या पाहणीत तिथली एक जरी जिवंत टाचणी दाखवता आली, तर तळे बुजवण्याचे काम थांबणार होते. आत्याने या जातीवर अकरा वर्षे घालवली होती. कीटक संग्रहालयात ती संशोधक आणि मी पेट्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिणारा. बोलण्याचा संकोच असलेल्याला अक्षरांचीच सोबत बरी. दारावरची सूचनाही माझीच : ‘निळी टाचणी आढळल्यास आणून द्यावी.’

पहिल्या आठवड्यात लोकांनी निळ्या डोक्याच्या टाचण्या आणून दिल्या.

“तुझ्या कृपेने स्टेशनरीचं दुकान टाकू आपण,” आत्या म्हणाली.

मी सूचनेखाली चित्र काढले. ‘जिवंत’ हा शब्द मात्र लिहिला नाही. तो मला इतका उघड वाटला होता.

गुरुवारी शिंपीकाका आले. दर रविवारी ते संग्रहालयात टाचून ठेवलेल्या कीटकांच्या एकेका पेटीपुढे चष्मा पुसत उभे राहत. गेला महिनाभर आमच्यासाठी रोज सकाळी तळे धुंडाळत होते.

“आत्याला बोलाव, बाळा. महिन्याभरात ही एकच दिसली, पण सोडली नाही!”

त्यांनी बटणांची डबी उघडली. मखमलीच्या तुकड्यावर निळी टाचणी होती. पंख काटेकोर पसरलेले, छातीतून बारीक पिन आरपार.

“काका, ही...” मी पिनेकडे बोट दाखवले.

“तुमच्यासारखीच बसवली की नाही? शिंप्याचा हात आहे, लेका!”

तुमच्यासारखीच. जपायचे म्हणजे असे, हे शेकडो पेट्यांतून आम्हीच त्यांना शिकवले होते.

आत्या आली आणि भिंग लावून बराच वेळ वाकून राहिली.

“मादी आहे. पोटात अंडी आहेत.”

“मग तर उत्तमच! आता तळं वाचेल ना, ताई?”

आत्याने डबीचे झाकण हलकेच लावले. “फार सुबक बसवलीत, काका.”

“चिठ्ठीवर माझं नाव येईल? रविवारी नातीला दाखवायला आणतो.”

“येईल,” मी म्हणालो. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेले तेवढेच पूर्ण वाक्य.

ते जिना उतरून गेल्यावर मी त्यांचे नाव माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिले. शाई वाळल्यावर चिठ्ठी डबीला चिकटवली. मग आत्याने फोन उचलला आणि पाहणीला येणाऱ्यांना सांगितले, उद्या येऊ नका.